पहिल्या खुर्चीची पिशवी

"कुणीही पिशवीला हात लावायचा नाही."

सुपरवायझर दारातूनच हे म्हणाला आणि सरळ आत शिरला. त्याच्यामागे हॉटेलचा मॅनेजर, आणि मॅनेजरच्या मागे दुसऱ्या मजल्यावर उतरलेला एक उंच पाहुणा, डावं मनगट चोळत. फळ्याजवळ खडू घेऊन उभ्या असलेल्या बाईंना 'आत येऊ का' असं कुणी विचारलं नाही. गंमत म्हणजे नेमकं तेच नम्रपणे कसं विचारावं हे नोकरमंडळींना इंग्रजीतून शिकवण्यासाठी हॉटेल बाईंना पगार देत होतं.

वर्ग भरायचा कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात, दुपारी, खोल्या झाडूनपुसून झाल्या की. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, जिभेने तिखट आणि मानेने ताठ. व्याकरणाचं पुस्तक त्यांनी पहिल्याच दिवशी कपाटात टाकलं होतं. त्याऐवजी त्यांनी एका ओळीत पाच खुर्च्या मांडल्या. खुर्चीवर बसेल तो माणूस म्हणजे एक शब्द. हॉटेलने खोल्यांच्या नंबरांच्या जुन्या पाट्या काढून टाकल्या होत्या. त्या पत्र्यांच्या पाठीवर बाईंनी शब्द रंगवले आणि दोरी ओवून एकेकाच्या गळ्यात अडकवले. बाई म्हणायच्या, क्रियापद बिचारं राबतं, पण ते हुकमाने राबतंय, विनंतीने राबतंय की नुसती शक्यता आहे, हे ठरवणारे मुकादम म्हणजे 'मस्ट', 'कुड' आणि 'मे'. 'पॉसिबली', 'ग्लॅडली' हे त्यांच्या कानाशी लागणारे.

त्या दिवशीचं वाक्य होतं 'यू कुड पॉसिबली वेट हिअर'. पहिल्या खुर्चीवर 'यू' म्हणून थोरली बसली, दुसऱ्या खुर्चीवर 'कुड' म्हणून धाकटी. या दोघी सख्ख्या जावा. थोरली चौथ्या मजल्यावरच्या खोल्या करायची, धाकटी दुसऱ्या मजल्यावरच्या. पुढे 'पॉसिबली' लाँड्रीवाला, 'वेट' दरवान आणि शेवटी 'हिअर' माळी. साधं वाक्य म्हणून झालं की बाई टाळी वाजवत. टाळी वाजली की पहिल्या दोघांनी हात हलवत उठायचं, सामान गोळा करत बसायचं नाही, पटकन जागा बदलायच्या. झाला प्रश्न: 'कुड यू पॉसिबली वेट हिअर?' आज मात्र हा प्रश्न काही केल्या पुढे सरकत नव्हता, कारण दरवानाला स्वतःचा शब्द यायच्या आधीच हसू फुटत होतं. सुपरवायझर आत आला तेव्हा प्रश्नच चालू होता.

पाहुण्याचं महागडं घड्याळ खोलीतून गेलं होतं. सुपरवायझरने पाचही जणांना उठवून भिंतीकडे उभं केलं. खुर्च्यांच्या पाठींना पाच पिशव्या लटकत होत्या. हॉटेलनेच दिलेल्या, करड्या कापडाच्या, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा. त्याने पहिल्या खुर्चीची पिशवी काढली, आत हात घातला आणि हिरव्या काठाचा एक नॅपकिन बाहेर ओढला. नॅपकिन उलगडला तर आत घड्याळ.

"काय गं," तो धाकटीकडे वळला. "आता बोल."

खोली दुसऱ्या मजल्यावरची, तेव्हा पहिला संशय धाकटीवर जाणार, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. धाकटीच्या तोंडचं पाणीच पळालं.

"ती पिशवी माझी आहे," थोरली म्हणाली.

"तुझी कशी असेल?"

"माझीच आहे. आत माझा डबा बघा, झाकणाला पोचा आहे."

डबा निघाला, पोचाही निघाला. सुपरवायझर डब्याकडे आणि मग धाकटीकडे पाहत राहिला. मॅनेजरने पाहुण्याला सगळं इंग्रजीत सांगितलं. पाहुण्याने थोरलीकडे बोट केलं आणि एकच शब्द म्हटला, "थीफ." हा शब्द बाईंनी कधी शिकवला नव्हता, पण तो प्रत्येकाला कळला.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त भानगड नको होती. पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता आणि त्याच्या आत प्रकरण मिटायला हवं होतं. म्हणून त्याने आपल्या खोलीत बसून एका कागदावर इंग्रजीत एक ओळ लिहिली, थोरलीला बोलावलं आणि अर्थ सांगायला बाईंनाही बोलावलं. थोरलीने सही करायची, झालेल्या दिवसांचा पगार घ्यायचा आणि गुपचूप जायचं. सही केली नाही तर सकाळी पोलीस.

ओळ होती: 'आय मे हॅव मिस्टेकनली टेकन द वॉच.'

"याचा अर्थ काय, बाई?" थोरलीने विचारलं.

"कदाचित माझ्याकडून चुकून घड्याळ घेतलं गेलं असेल."

"असेल म्हणजे? घेतलं की नाही घेतलं?"

"दोन्ही नाही. अधांतरी."

"मुद्दाम मऊ लिहिलंय, बाई," मॅनेजर म्हणाला. "तुम्हीच शिकवता ना, सगळं मऊ करून बोलायचं."

"इंग्रजी बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "वाक्य खोटं आहे."

थोरलीने कागद टेबलावरून परत सरकवला. "मी घेतलेलं नाही. नोकरी गेली तर दुसरीकडे भांडी घासेन. पण हे असं लिहून राहिलं, तर घरी पोरीला काय सांगू? आई कदाचित चोर आहे म्हणून?"

मॅनेजरने दुसरी वाट दाखवून पाहिली. त्या मजल्याची किल्ली धाकटीकडे, आणि दोघींचं हाडवैर साऱ्या हॉटेलला ठाऊक. मजल्यांची प्रमुख म्हणून एकीला बढती मिळायची होती, तेव्हापासून तर दोघी एकमेकींशी कामापुरतंही बोलत नव्हत्या. जावाजावा आणि उभा दावा म्हणतात ते उगीच नाही. धाकटीनेच घड्याळ उचलून तिच्या पिशवीत टाकलं असं थोरलीने म्हणावं, आणि सुटावं.

"आमचं पटत नाही, खरं आहे," थोरली म्हणाली. "पण ती चोर नाही. भांडण माझं आहे. ते मी घरी जाऊन करीन."

बाईंना त्या क्षणी तिला मिठीच मारावीशी वाटली. त्याऐवजी त्यांनी मॅनेजरकडून सकाळपर्यंतची मुदत मागून घेतली, आणि ती त्यांच्या मागण्याच्या पद्धतीमुळे लगेच मिळाली. त्या मागण्यात 'कुड' नव्हतं आणि 'पॉसिबली' तर नव्हतंच.

हॉटेल जुनं आणि लहान. कॅमेरा फक्त खालच्या दालनात, खोल्यांना साध्या लोखंडी किल्ल्या. बाई आधी दुसऱ्या मजल्यावर गेल्या. धाकटी चादरींच्या कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसली होती, डोळे पुसून पुसून लाल झालेले.

"किल्ल्या किती आहेत?" बाईंनी विचारलं.

"या मजल्याची एक माझ्याकडे. सगळ्या मजल्यांचा जुडगा सुपरवायझर सरांकडे. आणि एक जुडगा मॅनेजरसाहेबांच्या तिजोरीत."

"घड्याळ तू पाहिलं होतंस?"

"हो. जेवणानंतर वायरमन त्या खोलीत दिवा बदलायला आला, तेव्हा मीच दार उघडलं. टेबलावर होतं. उचललं, टेबल पुसलं, परत ठेवलं. मग दोघं बाहेर आलो आणि मी कुलूप घातलं."

"किल्ली कुणाला दिलीस?"

"कुणाला नाही. कमरेला होती ती वर्गातसुद्धा."

"जाऊबाईंवर राग आहे तुझा?"

"आहे. खोटं कशाला बोलू. पण माझ्याच मजल्यावरचं घड्याळ चोरलं तर सगळे आधी माझ्याच दारात येणार ना, बाई? एवढी मी वेडी नाही." मग ती अडखळली. "आणि त्यांनी सगळ्यांसमोर पिशवी माझी म्हणून सांगितलं. गप्प बसल्या असत्या तर मीच अडकले असते."

वायरमन गच्चीवर टाकीच्या पंपाशी झटत होता. एरवी तोही वर्गातला नेमाचा विद्यार्थी. आज जेवणघरातली दिव्याची नळी लुकलुकत होती म्हणून खुर्चीऐवजी शिडीवर चढला होता. त्यानेही तेच सांगितलं: जाड पट्ट्याचं घड्याळ, धाकटीने उचलून त्याखालचं टेबल पुसलं, कुलूप त्याच्यासमोर लागलं. वर्ग सुरू झाला तेव्हा तो नळी बसवत होता आणि बाईंनी टाळी वाजवायच्या आधीच शिडी खांद्यावर घेऊन बाहेर पडला होता. हे बाईंनाही आठवत होतं. साधं वाक्य म्हणताना माळ्याच्या डोक्यावर शिडी आपटता आपटता राहिली होती.

त्यानंतर वर्गात कोण आलं? बाईंनी डोळे मिटून आठवून पाहिलं. खुर्च्यांच्या मागे, दाराच्या अंगाला, पाण्याचं यंत्र होतं. दरवानाच्या हसण्यापायी प्रश्न रखडला होता तेव्हा सुपरवायझर तिथे पाणी प्यायला आला होता. बाई त्याच्याकडे गेल्या. तो आपल्या लॉकरजवळ उभा राहून नवे टॉवेल मोजून घेत होता.

"तुम्ही वर्गात आला होतात?"

"पाणी प्यायला. प्यालो आणि गेलो."

"काही पाहिलंत?"

"तुमचा तो खुर्च्यांचा पोरखेळ बघायला मला वेळ नसतो, बाई. कधीच नसतो."

"थोरलीचं वाईट व्हावं असं कुणाला वाटेल?"

"जाऊ सोडून कुणाला?" तो म्हणाला आणि टॉवेल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

इथे बाईंची गाडी अडली. खरं तर सुपरवायझरबद्दल त्यांच्या मनात आधीपासून पाल चुकचुकत होती. गेल्या आठवड्यात त्यांनी 'मस्ट' शिकवलं तेव्हा प्रत्येकाने आपापलं वाक्य बांधायचं होतं. धाकटीने उभं राहून खणखणीत आवाजात बांधलं: 'सुपरवायझर मस्ट ऑनेस्टली गिव्ह लॉस्ट थिंग्ज टू ऑफिस.' पाहुणे खोलीत ज्या वस्तू विसरून जातात त्या मोलकरणींनी सुपरवायझरकडे द्यायच्या आणि त्याने ऑफिसात जमा करायच्या, असा नियम. वाटेत त्यांना पाय फुटतात हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. वर्ग हसून हसून लोळला आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत सुपरवायझरच्या कानापर्यंत पोचलंही. म्हणजे त्याचा दात असलाच तर तो धाकटीवर. थोरलीचं आणि त्याचं काय वाकडं? तिने त्याला उलट उत्तरसुद्धा कधी दिलं नव्हतं. तरीही घड्याळ निघालं ते थोरलीच्या पिशवीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं स्वतःच्याच हाताने होतंय की काय, अशी बाईंना धास्ती वाटायला लागली.

शेवटी त्या लाँड्रीत गेल्या. लाँड्रीवाला इस्त्रीच्या वाफेत उभा होता. बाईंनी त्याला नॅपकिनबद्दल विचारलं.

"हिरवा काठ दुसऱ्या मजल्याचा," तो म्हणाला. "चौथ्याचा निळा. एकाचा दुसरीकडे गेला तर माझी धुलाई होते, म्हणून मी प्रत्येक मजल्याच्या कपाटात जातीने रचून येतो. थोरलीकडे हिरवा येईलच कसा?"

"आणि ते कपाट उघडतं कशाने?"

"मजल्याच्याच किल्लीने."

बाई जेवणघरात परतल्या. खुर्च्या अजून तशाच होत्या. त्यांनी आपली पर्स पहिल्या खुर्चीला अडकवली आणि पाट्या गोळा करता करता थकून दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. घाम पुसायला रुमाल हवा होता. बसल्या बसल्या त्यांनी मागे हात घातला, तर हाताला पर्स लागली नाही. त्यांनी वळून पाहिलं. मग पुन्हा पाचही खुर्च्यांकडे पाहिलं, आणि रुमाल न घेताच तशा बसून राहिल्या.

सकाळी मॅनेजरच्या टेबलावर तोच कागद होता, शेजारी फोन. थोरली आली ती कामाचे कपडे घालूनच आली होती, जणू नोकरी अजून तिचीच होती.

"सही नाही," ती म्हणाली.

मॅनेजरने फोनकडे हात नेला. बाई म्हणाल्या, पोलिसांना तर त्या स्वतःच बोलावणार आहेत, पण आधी साहेबांनी जेवणघरात यावं, सुपरवायझरलाही घेऊन. मॅनेजरने घड्याळात पाहिलं, पाहुण्याची गाडी यायला अवकाश होता. तो उठला.

जेवणघरात पाचही खुर्च्या मांडलेल्या होत्या. लाँड्रीवाला, दरवान आणि माळी आपापल्या जागी बसले होते. बाईंनी थोरलीला पहिल्या खुर्चीवर बसवलं, धाकटीला दुसऱ्या, आणि दोघींच्या पिशव्या त्यांच्या त्यांच्या खुर्चीच्या पाठीला अडकवायला लावल्या.

"हे साधं वाक्य," बाई म्हणाल्या. "वायरमन आला आणि गेला तेव्हा अशीच मांडणी होती. आता सुपरवायझर, तुम्ही दारात उभे राहा. तुम्ही पाणी प्यायला आलात तेव्हाही या अशाच बसल्या होत्या का?"

"मी काय सांगणार? मी पाहिलं नाही."

"बरं. मग पाचांतून नेमकी पहिल्याच खुर्चीची पिशवी का उचललीत?"

तो चिडला. "कारण घड्याळ दुसऱ्या मजल्यावरून गेलं होतं. म्हणून आधी धाकटीची पिशवी पाहायला घेतली. त्यात काय चुकलं?"

"धाकटीची? तेव्हा सगळे भिंतीला टेकून उभे होते आणि पिशव्या सगळ्या सारख्या. ती तिची आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ती त्या खुर्चीवर बसली होती. मी डोळ्यांनी..." तो थांबला.

"डोळ्यांनी पाहिलं," बाईंनी वाक्य पुरं केलं. "पाणी पिताना. खरंच आहे, ती तिथेच बसली होती." त्यांनी टाळी वाजवली. थोरली आणि धाकटी उठल्या आणि एका क्षणात जागा बदलून बसल्या. धाकटी पहिल्या खुर्चीवर आली. तिच्या पाठीशी थोरलीची पिशवी तशीच लटकत होती.

मॅनेजर दोन्ही खुर्च्यांकडे आळीपाळीने पाहत राहिला.

"इथे टाळी वाजली की माणूस हलतो, पिशवी जागेवर राहते," बाई म्हणाल्या. "हे वर्गात बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. वायरमनलाही माहीत आहे. ज्याला हा पोरखेळ वाटतो आणि जो इथे कधी बसला नाही, त्याला तेवढं माहीत नाही. तो मागून येतो, पहिल्या खुर्चीवर धाकटी दिसते, आणि तिच्या पाठीमागच्या पिशवीत घड्याळ टाकतो. साहेब, आपण काल सगळे एकच प्रश्न विचारत बसलो, थोरलीला कुणी अडकवलं. थोरलीला कुणीच अडकवायला निघालं नव्हतं."

"हा तुमचा अंदाज झाला," सुपरवायझर म्हणाला. "धाकटीनेही टाकलं असेल. किल्ली तिच्याकडे होती."

"असेल. काल दुपारी मीही 'असेल' इथवरच होते. म्हणून नॅपकिन पाहिला." बाई मॅनेजरकडे वळल्या. "घड्याळ दुसऱ्या मजल्यावरचं. ते गुंडाळलं हिरव्या काठाच्या नॅपकिनमध्ये, तोही दुसऱ्या मजल्याचा. थोरलीने चोरी केली असती तर तिच्याकडे निळा असता. धाकटीला थोरलीला अडकवायचं असतं, तर तिने स्वतःच्या मजल्याचा नॅपकिन कशाला वापरला असता? आपलंच नाव लिहून ठेवल्यासारखं झालं ते. हिरवा नॅपकिन वापरतो तो, ज्याला सगळी बोटं धाकटीकडे वळवायची आहेत. म्हणजे ती स्वतः नव्हे. घड्याळ जागेवर असताना कुलूप लागलं, याला वायरमन साक्षी आहे. त्यानंतर ते दार आणि ते कपाट उघडणाऱ्या किल्ल्या तीन. एक धाकटीची, ती वगळली. एक तुमच्या तिजोरीत, साहेब. तिसरी यांच्या कमरेला."

मॅनेजरने ओठ चावला. आता खरं तर त्याला सगळं कळलं होतं, पण कळणं आणि कबूल करणं यात त्याच्यासारख्या माणसाला बराच वेळ लागतो. तो म्हणाला, ठीक आहे, आपण शांतपणे बघू, चौकशी करू, काही तरी गैरसमज झाला असेल.

"काल आमच्या पिशव्या उघडताना कुणी शांतपणे बघू म्हणालं नाही," थोरली खुर्चीवरून उठत म्हणाली. "मला कुणी विचारलंही नाही. आता त्यांचं लॉकर उघडा. सगळ्यांसमोर."

लाँड्रीवाला उठला, मग माळी, मग दरवान, आणि तिघंही दाराकडे निघाले. मॅनेजरला त्यांच्या पुढे चालण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. लॉकरची दुसरी किल्ली ऑफिसात होतीच. दार उघडलं तर आत टॉवेलांच्या थप्पीमागे तीन गॉगल, फोनचे चार्जर, अत्तराची अर्धी बाटली, एका लहान मुलीचा चांदीचा छल्ला आणि एक कॅमेरा. खाई त्याला खवखवे म्हणतात. सुपरवायझरचा हात आपोआप त्या छल्ल्याकडे गेला आणि मग खाली पडला.

"सगळेच ठेवतात," तो म्हणाला. मग त्याच्या तोंडून खरं ते बाहेर पडलं. "ती माझ्याकडे नोकरीला आहे. आणि वर्गात उभी राहून, इंग्रजीत, माझ्या नावाने सगळ्यांना हसवते. उद्या तीच मालकांना सांगेल. तिला घालवणं भाग होतं."

"मी मालकांना आजच सांगणार आहे," धाकटी म्हणाली.

तिने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने तिच्याकडे पाहिलं नाही, पण हाताने तिचा विस्कटलेला पदर मात्र खांद्यावर नीट करून दिला.

सुपरवायझरला ऑफिसात बसवून ठेवलं आणि पोलिसांना फोन गेला. तो मॅनेजरनेच केला, कारण बाई शेजारी उभ्या होत्या. मग तो घाईघाईने बाहेर आला. पाहुण्याची गाडी येत होती. त्याला काय सांगायचं हे त्याने मनात जुळवलंही होतं, आणि बाईंना म्हणून दाखवलं: दुर्दैवाने काही गैरसमज झाला असण्याची शक्यता आहे, तरी क्षमस्व. वाक्य निर्दोष होतं. त्यात कुणी काही केलं नव्हतं आणि कुणाला काही झालं नव्हतं.

"हे तुम्ही नाही सांगायचं," थोरली म्हणाली. "मला चोर ते म्हणाले. मी बोलणार."

"अगं, ते मोठे पाहुणे आहेत. नीट बोलावं लागतं."

"नीटच बोलीन."

बाईंनी तिला थांबवलं नाही. काय बोलायचं हेही सांगितलं नाही. वर्षभर त्यांनी या पोरींना प्रत्येक वाक्याला उशी लावायला शिकवलं होतं, कारण नोकरी टिकायची तर ते लागतं. आज मात्र त्यांना वाटत होतं की हिने एकही उशी लावू नये.

दालनात पाहुणा बॅगेपाशी उभा होता, मनगटावर घड्याळ. थोरली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्यामागे धाकटी, लाँड्रीवाला आणि माळी. दरवान काचेच्या दाराशी आपल्या जागेवर होता.

"सर," थोरली म्हणाली. "आय डिड नॉट टेक युअर वॉच."

पाहुण्याने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर पुढे होऊन बोलू लागला, "सर, देअर मे हॅव पॉसिबली बीन..."

थोरलीने त्याच्याकडे न पाहता हात वर केला. तो गप्प झाला.

"सुपरवायझर टुक युअर वॉच," ती म्हणाली. "यू सेड थीफ टू मी. से सॉरी."

पाहुणा अवघडला. बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं. त्याने खांदे उडवले, हसण्याचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "आय ॲम सॉरी इफ आय मे हॅव..."

"नो इफ," थोरली म्हणाली. "नो मे."

पाहुण्याने दाराकडे पाहिलं. दरवानाचा हात दाराच्या मुठीवर होता, पण मूठ फिरत नव्हती. कधी नव्हे तो त्याला हसू येत नव्हतं. मॅनेजरने त्याला डोळ्यांनी खुणावलं, दोनदा खुणावलं, आणि दरवान समोरच्या कुंडीकडे बघत राहिला. माळीही हलला नाही. या वयात आपली नोकरी गेली तरी बेहत्तर, असं बाईंनी मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

पाहुण्याने हातातली छोटी बॅग खाली ठेवली. त्याने पहिल्यांदाच थोरलीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"आय ॲम सॉरी," तो म्हणाला. "आय वॉज राँग."

थोरलीने ते पुरतं ऐकून घेतलं. मग तिने दरवानाकडे बघून मान हलवली, आणि त्याने दार उघडलं.